५ एप्रिलची ‘लॉयल्टी’ : लढाईतून आलेली म्हातारी बोट

बंदरवाला

सागरी दिन जवळ आला की ठरलेला मजकूर फिरायला लागतो. ‘५ एप्रिल १९१९, एस. एस. लॉयल्टी हे पहिले भारतीय जहाज मुंबईहून लंडनला निघाले. वालचंद हिराचंद, सिंदिया जहाज कंपनी. म्हणून आज राष्ट्रीय सागरी दिन.’ संपलं. मजकूर खोटा नाही, पण तो वाचून कुणालाही वाटावं की सिंदियानं नवीकोरी बोट बांधून घेतली, नारळ फोडला आणि पाण्यात सोडली. प्रत्यक्षात त्या दिवशी बोट २८ वर्षांची होती. दोन आयुष्यं जगून झाली होती तिची. त्यातलं दुसरं, मुंबईतलं, लढाईच्या काळातलं आयुष्य कुणाच्या खिजगणतीत नाही, आणि माझ्या मते तेच तिचं सगळ्यात मोठं काम. म्हणून हा धागा काढतोय.

आधी पहिलं आयुष्य. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीनं १८८५ मध्ये आपली रेल्वे कॅनडाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत नेली. गाडी पश्चिम टोकाला पोचली, आता पुढे काय? पुढे प्रशांत महासागर, पलीकडे जपान, चीन, हाँगकाँग. १८८९ मध्ये ब्रिटिश सरकारशी टपाल नेण्याचा करार झाला, वर्षाला ६०,००० पौंडांचा. त्या बळावर तीन सारख्या बोटी बांधल्या गेल्या: एम्प्रेस ऑफ इंडिया, एम्प्रेस ऑफ जपान आणि एम्प्रेस ऑफ चायना. तिघी इंग्लंडातल्या बॅरोच्या गोदीतल्या. आपली बोट म्हणजे यातली थोरली, एम्प्रेस ऑफ इंडिया.

दिसायला देखणी होती. पांढरंशुभ्र अंग, पिवळट रंगाची दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, आणि नाळ जुन्या शिडाच्या जहाजासारखी पुढे झुकलेली. लांबी ४८५ फूट, रुंदी ५१ फूट, नोंदणीचं आकारमान ५,९०० टनांच्या घरात, मागे पाणी कापणारे दोन पंखे, वेग १६ नॉट. वरच्या वर्गात सव्वाशेच्या आसपास उतारू, आणि तळातल्या स्वस्त वर्गात सहाशे. हे सहाशे बहुतेक चिनी मजूर. कंपनीचं पोट त्यांच्यावर चालायचं, पण जाहिरातीत मात्र वरच्या मजल्यावरचा दिवाणखाना आणि पियानो.

करारात एक कलम असं होतं की लढाई लागली तर या बोटींवर तोफा बसवता याव्यात, तशी डेकची बांधणी हवी. म्हणजे प्रवासी बोट जन्मालाच आली ती अर्धी वर्दी घालून.

८ फेब्रुवारी १८९१ ला ती लिव्हरपूलहून निघाली, सुएझमार्गे हाँगकाँगला गेली, आणि तिथून जपान करत २८ एप्रिलला व्हँकुव्हरला पोचली. पुढची २३ वर्षं तीच वाट, जा आणि ये. १९०३ मध्ये एका चिनी लढाऊ जहाजाशी टक्कर झाली, त्यात बुडालं ते लढाऊ जहाज, ही तरली.

दुसरा भाग रात्री टाकतो. तोवर कुणाकडे काही असेल तर लिहा.

शुभा_गिरगाव

एक मिनिट. एम्प्रेस ऑफ इंडिया म्हणजे तीच का, जिच्यावर स्वामी विवेकानंद अमेरिकेला गेले? शाळेत वाचलं होतं की जमशेटजी टाटाही त्याच बोटीवर होते.

बंदरवाला

तीच, शुभाताई! विवेकानंद ३१ मे १८९३ ला मुंबईहून निघाले ते ‘पेनिन्सुलर’ बोटीनं. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपान असं करत गेले. मग १४ जुलैला योकोहामाला या एम्प्रेसवर चढले आणि २५ जुलैला व्हँकुव्हरला उतरले. अंगावर गरम कपडे नव्हते, प्रशांत महासागराच्या थंडीनं हाल झाले, असं त्यांच्या चरित्रांत येतं.

टाटाही याच प्रवासात होते. मात्र त्या दोघांच्या डेकवरच्या संवादाचे जे तयार प्रसंग हल्ली फिरतात, ‘स्वामीजी म्हणाले… जमशेटजी म्हणाले…’, त्यांवर माझा विश्वास नाही. पक्का पुरावा एकच, टाटांनी २३ नोव्हेंबर १८९८ ला विवेकानंदांना लिहिलेलं पत्र. जपानहून शिकागोकडे जाताना आपण सहप्रवासी होतो याची आठवण देऊन ते आपल्या विज्ञानसंस्थेच्या योजनेबद्दल लिहितात. तीच पुढे बंगळुरूची संस्था झाली. एवढं पुरेसं आहे की, त्याला मीठमसाला कशाला?

हिशेबनीस

यात माझ्या आवडीची गोष्ट वेगळी आहे. १८९३ साली टाटा जपानला सहलीला गेले नव्हते. मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीन-जपानला जायचं आणि त्यावर पी अँड ओ ही इंग्रजी जहाज कंपनी मनमानी भाडं घ्यायची. ते मोडायला टाटा तिथल्या निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीशी बोलणी करायला गेले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात जपान्यांची मुंबईसाठी बोट सुरू झाली. टाटांनीही इंग्रजी बोटी भाड्यानं घेऊन ‘टाटा लाइन’ चालवून पाहिली. टाटांचा दर टनाला १२ रुपये, पी अँड ओचा त्याआधी १९. लगेच पी अँड ओनं दर पार दीड-दोन रुपयांपर्यंत पाडला, व्यापाऱ्यांना आमिषं दाखवली, आणि टाटा लाइन बसली.

म्हणजे योगायोग बघा. जहाजधंद्यात इंग्रजांशी झुंज घेणारा मुंबईचा माणूस ज्या बोटीनं जातोय, तीच बोट २६ वर्षांनी दुसरा मुंबईकर त्याच झुंजीसाठी विकत घेतो.

बंदरवाला

हिशेबनीसराव, हे लिहिल्याबद्दल आभार. आता दुसरा भाग.

१९१३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिकनं दोन नव्या, मोठ्या बोटी आणल्या: एम्प्रेस ऑफ रशिया आणि एम्प्रेस ऑफ एशिया. एम्प्रेस ऑफ चायना आधीच, १९११ मध्ये, जपानच्या किनाऱ्याजवळ खडकावर गेली होती. जुन्या दोघी मागे पडल्या. ऑगस्ट १९१४ मध्ये लढाई पेटली. एम्प्रेस ऑफ जपानवर तोफा चढल्या, एम्प्रेस ऑफ इंडिया मात्र विकायला निघाली, आणि डिसेंबर १९१४ मध्ये तिला गिऱ्हाईक मिळालं ते आपल्याकडचं: ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे.

माधवरावांना हे काम नवीन नव्हतं. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सरांचं बंड झालं, तेव्हाही त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाची रुग्णालय-बोट आपल्या खर्चानं उभी केली होती आणि स्वतः मोहिमेवर गेले होते. यंत्रांचं, आगगाड्यांचं विलक्षण वेड असलेला माणूस. १९१४ मध्ये त्यांनी ही बोट घेतली, खर्चात इतर संस्थानिकही आले, आणि जानेवारी १९१५ मध्ये तिचं नाव बदलून लॉयल्टी ठेवलं. मुंबईत तिची मांडणी पालटली. जिथे साहेब-मडमांचे दिवाणखाने होते तिथे खाटांच्या रांगा लागल्या, शस्त्रक्रियेची खोली आली, औषधांचं कोठार आलं.

आता कुठल्या लढाईसाठी, ते नीट समजून घ्यायला हवं. आपण पहिलं महायुद्ध म्हटलं की फ्रान्समधले चर डोळ्यांपुढे आणतो. पण हिंदी फौज सगळ्यात जास्त लढली ती इराकात, तेव्हाच्या मेसोपोटेमियात. पाच लाखांहून अधिक हिंदी माणसं तिथे गेली आणि त्या मोहिमेचं मागचं दार म्हणजे मुंबई. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतलं, तेव्हापासून माणूस, खेचर, दारूगोळा, पीठ, सगळं इथूनच जायचं. आणि परत यायचे ते जखमी.

बसरा ते मुंबई ही पाच-सहा दिवसांची वाट. बसऱ्याच्या शट्ट-अल-अरब नदीच्या मुखाशी गाळाचा बांध आहे. पाण्यात खोल बसणारी मोठी बोट भरती पाहून आत घ्यायची, नाहीतर बाहेरच उभी करून रोग्यांना लहान बोटींतून तिच्यापर्यंत आणायचं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. लोखंडी बोट, विजेचे थोडे पंखे, खाली बॉयलर. जखमांपेक्षा आजारच जास्त: हगवण, पटकी, उष्माघात, आणि भाजीपाला न मिळाल्यानं हिंदी शिपायांत स्कर्व्ही, तोही हजारोंच्या संख्येनं.

डॉ_आरती

बंदरवालांच्या शेवटच्या वाक्यात भर घालते. स्कर्व्हीचं कारण शिधा. गोऱ्या शिपायाला मांस, बटाटा, जॅम मिळायचं. हिंदी शिपायाचा शिधा पीठ, डाळ, तूप, गूळ असा. छावणीत तो मागे बाजारातून भाजी विकत घेईल हे गृहीत धरलेलं. वाळवंटात बाजार कुठला? ताजी भाजी नाही, लिंबू नाही. जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या, हिरड्या सडायच्या. पुढे शिधा सुधारला, पण माणसं जाऊन झाल्यावर.

आणि १९१५ च्या शेवटी बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईनंतरचा प्रकार तर लाज वाटावी असा. जखमींना नदीतून खाली आणायला पुरेशा बोटीच नव्हत्या. ‘मेजिदिया’ नावाच्या नदीतल्या आगबोटीवर आणि तिला बांधलेल्या पडावांवर सहाशेच्या वर माणसं उघड्यावर, मलमूत्रात पडून, जवळजवळ दोन आठवडे. ती बसऱ्याला आली तेव्हा मेजर कार्टर या डॉक्टरांनी, ते ‘वरेला’ या रुग्णालय-बोटीवर होते, जे पाहिलं ते वर कळवलं. तर उलट त्यांनाच दम मिळाला! अखेर चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला, आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना खुर्ची सोडावी लागली.

हे सांगायचं कारण: बसऱ्याच्या पुढे, खाऱ्या पाण्यात, लॉयल्टीसारख्या बोटी होत्या म्हणून निदान तिथून तरी माणसाला खाट आणि परिचारिका मिळाली. नदीतला नरक पार केलेल्याला ती पांढरी चादर काय वाटली असेल.

सातारकर

ताई, वाचून पोटात कालवलं.

पुढे तुर्कांनी इराकातल्या कूतला वेढा घातला, त्या वेढ्यात मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ अशा तिन्ही होत्या. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली, मग उरलेले तुर्कांच्या कैदेत पायी. म्हणजे बोटीनं परत आले ते नशीबवान, वेढा पडण्याआधी जखमी झालेले. आमच्या भागात गावोगाव संगमरवरी पाट्या आहेत, अजून चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेल्या: या गावातून १९१४-१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, नुसते आकडे. पोरं त्याच्यावर क्रिकेटचे स्टंप खडूनं काढतात.

एक विचारायचं होतं. बोट मुंबईला लागल्यावर यांना न्यायचे कुठे? पुण्याला की इथेच?

गोदीकर

दोन्हीकडे. पण मुंबईत ज्या इमारतींत इस्पितळं थाटली होती त्यातली एक तुम्ही नक्की पाहिली असेल. काळ्या घोड्याजवळचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इमारत लढाईच्या तोंडावर बांधून तयार झाली होती, आत वस्तू मांडायच्या आधीच सरकारनं ताब्यात घेतली आणि लेडी हार्डिंज वॉर हॉस्पिटल सुरू केलं. म्युझियम म्हणून लोकांना उघडायला १९२२ उजाडलं. घुमटाखाली आज शाळेच्या सहली फिरतात तिथे खाटा होत्या. ताजमहाल हॉटेलही काही काळ ६०० खाटांचं इस्पितळ होतं.

आणि बोट लागायची ती नव्या अलेक्झांड्रा गोदीच्या बाजूला. आताची इंदिरा गोदी. तीही १९१४ मध्येच उघडलेली. नशीब म्हणा, नाहीतर प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्यांना हा पसारा झेपलाच नसता. बॅलार्ड इस्टेटची ती एकसारखी पिवळट इमारतींची रांग याच वर्षांत उभी राहिली, गोदी खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर. जाल तेव्हा पोर्ट ट्रस्टचा युद्धस्मारकाचा खांब पाहा, गाड्यांच्या पार्किंगमागे दडलेला आहे.

चौकस

लेख चांगला चाललाय, पण मूळ दाव्याचं काय? ‘पहिले भारतीय जहाज’ हे मला कधीच पटलेलं नाही.

एक, वाडियांनी मुंबईत सागवानी जहाजं बांधली ती अठराव्या शतकापासून, आणि ती जगभर फिरली. दोन, व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांची स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी १९०६ ची. ‘गालिया’ आणि ‘लावो’ या तिच्या स्वतःच्या आगबोटी तुतिकोरीन ते कोलंबो चालत होत्या. ती कंपनी कशी चिरडली आणि पिल्लैंना तुरुंगात तेलाचा घाणा कसा ओढायला लावला हे सगळ्यांना ठाऊक आहे. तीन, लॉयल्टी बांधली इंग्लंडात, वाढली कॅनेडियन कंपनीत, आणि १९१९ मध्ये तिच्यावर झेंडा ब्रिटिशच होता, कारण दुसरा नव्हताच.

मग त्यात भारतीय काय? भागधारकांची नावं?

बंदरवाला

चौकसराव, तिन्ही मुद्दे बरोबर आहेत आणि मी ‘पहिले’ या शब्दासाठी भांडणार नाही. पण भागधारकांच्या नावाला तुम्ही फार हलक्यात काढताय.

कोलंबोला जाणं आणि लंडनला जाणं यात फरक आहे. मुंबई-विलायत हा पी अँड ओचा राजमार्ग. टपाल त्यांचं, सरकारी माणसांची तिकिटं त्यांची, धक्क्यावरचा मान त्यांचा. त्या वाटेवर हिंदी भांडवलाच्या कंपनीनं प्रवासी बोट घालणं ही १९१९ मध्ये उद्धटपणाची परिसीमा होती.

आणि वेळ बघा. लढाई संपून पाच महिने झालेले. बोटींचा जगभर तुटवडा, कारण जर्मन पाणबुड्यांनी ढिगानं बुडवलेल्या. विलायतेच्या तिकिटासाठी लोक महिनोन्‌महिने ताटकळत होते. वालचंद हे तोवर रेल्वेचे ठेकेदार. सोलापूरचे, लक्ष्मणराव फाटकांच्या भागीत बार्शी लाइट रेल्वेपासून सुरुवात केलेले. बोटींचं त्यांना काडीचं ज्ञान नव्हतं. रेल्वेच्या प्रवासात त्यांना कळलं की ग्वाल्हेरची बोट विकाऊ आहे, अशी हकिकत सांगतात. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांना गाठलं. २७ मार्च १९१९ ला कंपनी नोंदली, साडेचार कोटी भांडवलाची. नाव घेतलं शिंद्यांचं. आणि ५ एप्रिलला बोट लंडनला निघाली. कंपनी जन्मून नऊ दिवस!

हे नवव्या दिवशी शक्य झालं ते बोट आयती, मुंबईतच, चालती, खलाशांसकट उभी होती म्हणून. ती चार वर्षं लढाईच्या कामाला जुंपलेली होती म्हणूनच चालती होती. हा दुवा मला दाखवायचाय. सागरी दिनाच्या भाषणांत १९१९ पासून सुरुवात होते, जणू आधीचं काही नव्हतंच.

शुभा_गिरगाव

५ एप्रिल १९१९ शनिवार होता ना? मग दुसऱ्या दिवशी, ६ तारखेला, रौलट कायद्याविरुद्धचा हरताळ. सकाळी चौपाटीवर गांधीजी आणि हजारो माणसं समुद्रस्नान करून उपास करत होती. आमच्या गिरगावात दुकानं बंद. आदल्या दिवशी बंदरातून ही बोट गेलेली. एकाच शहरात एका आठवड्यात काय काय चाललं होतं!

रत्नांग्री_बॉय

सगळे वालचंद आणि महाराजांवर बोलतायत. खलाश्यांचं कोण बोलणार?

मुंबईच्या बोटींवर कामाची वाटणी ठरलेली असायची. डेकवर रत्नागिरी आणि सुरतकडचे, सलूनात गोवेकर, आणि खाली आगीच्या तोंडाशी पंजाबी-पठाण. सारंग, म्हणजे खलाश्यांचा मुकादम, आपल्याच गावची पोरं भरायचा. आमच्या खाडीपट्ट्यातल्या मुसलमान वाड्यांत घरटी एक माणूस बोटीवर, ही परिस्थिती साठ-सत्तर वर्षांपूर्वीपर्यंत होती. सारंगाचा मान गावात खोतापेक्षा जास्त.

रुग्णालय-बोट म्हणून तिला कुणी बुडवणार नाही असा नियम होता. पांढरा रंग, लाल क्रॉस, रात्री दिव्यांची माळ. पण सुरुंगाला क्रॉस दिसत नाही. आणि १९१७ मध्ये तर जर्मनांनी काही समुद्रांत रुग्णालय-बोटींनाही सोडणार नाही असं जाहीर केलं होतं. तरी ही माणसं चढतच होती, कारण घरी मनिऑर्डर पोचायला हवी होती.

मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाश्यांची नावं तिथे कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्यांची तर मोठी वही आहे, सहा हजारांवर नावं. तिची दुसरी प्रत चितगावच्या युद्धस्मशानात. मुंबईत किती जणांना हे माहीत आहे?

सातारकर

मला नव्हतं. शिपायांना निदान आकड्याची पाटी मिळाली, तुमच्याकडे नावं मिळाली. पुढच्या खेपेला मुंबईत आलो की मस्जिद बंदर नक्की.

हिशेबनीस

आता बोटीच्या शेवटाबद्दल, कारण तो कुणी लिहीत नाही.

लॉयल्टीनं सिंदियाला नाव मिळवून दिलं, पैसा नाही. २८ वर्षांची प्रवासी बोट म्हणजे कोळसा खाणारा राक्षस. माल भरायला जागा कमी, बॉयलर जुने, दुरुस्ती न संपणारी. सिंदियानं लवकरच ओळखलं की कमाई मालात आहे, रंगूनच्या तांदळात आहे, आणि मालबोटी घेतल्या. तिथे ब्रिटिश इंडिया ही जहाज कंपनी आणि तिचे प्रमुख लॉर्ड इंचकेप टपून बसलेले. रंगून-मुंबई तांदळाचं भाडं टनाला १८ रुपये होतं, ते ६ वर आणलं. टाटा लाइनला जे केलं तेच. फरक इतकाच की सिंदिया मेली नाही. इंचकेपनी कंपनीच विकत मागितली, ती दिली नाही. मग १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला: सिंदियानं ७५,००० टनांच्या वर जहाजं ठेवायची नाहीत आणि किनाऱ्याचाच व्यापार करायचा. अपमानास्पद करार, पण जीव वाचला.

त्याच १९२३ च्या फेब्रुवारीत लॉयल्टी मुंबईतच मोडीत काढली. ज्या विलायतेच्या वाटेसाठी ती घेतली होती, त्या वाटेवरून कंपनी हटली त्याच वर्षी.

चौकस

हे मात्र मला माहीत नव्हतं. तुमच्या या पोस्टनंतर ‘पहिले’बद्दलचा माझा आक्षेप कायम ठेवून बोटीबद्दलचा मागे घेतो.

सिंदियानं पुढे विशाखापट्टणमला गोदी काढली तीच ना? १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पाया, आणि १९४८ मध्ये ‘जलउषा’ नेहरूंच्या हस्ते पाण्यात. ते भारतीय जहाज म्हणताना मला अडखळायला होत नाही.

आक्का_मालवण

मी इतका वेळ नुसती वाचतेय. सिंदिया म्हणजे आमच्या कोकणबोटींचीच का? लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं जायचो. बोट लागली की लिंबू चोखत पडून राहायचं, आणि मालवणला पडावात उतरताना आई आमची बखोटं धरायची.

रत्नांग्री_बॉय

होय आक्का. बॉम्बे स्टीम कंपनीच्या त्या बोटी, आणि बॉम्बे स्टीम पुढे सिंदियाच्याच पंखाखाली आली.

अवांतर, पण धाग्याच्या विषयाला धरून: त्या कोकणबोटींनीही लढाई पाहिलीय, दुसरी. किनाऱ्यावरच्या लहान आगबोटी नौदलानं ताब्यात घेतल्या, पुढे एक तोफ बसवली आणि गस्तीला धाडल्या. ‘पार्वती’ एप्रिल १९४१ मध्ये लाल समुद्रात असाबजवळ सुरुंगावर गेली. ‘प्रभावती’ची गोष्ट आणखी वाईट. डिसेंबर १९४१, जपान नुकताच लढाईत उतरलेला. प्रभावती दोन पडाव ओढत कराचीला चाललेली. रात्री ब्रिटिशांच्याच ‘ग्लासगो’ क्रूझरला लांबून ती आकृती जपानी पाणबुडी वाटली. सहा इंची तोफा डागल्या. संपली. रामदास बोट आपल्याकडे प्रत्येकाला माहीत आहे, प्रभावतीचं नाव काढणारा भेटत नाही.

आक्का_मालवण

अरे देवा. आपल्याच माणसांनी?

यावर वेगळा धागा काढ बाबा. इथे गुंतवू नकोस, पण लिही.

व्हँकुव्हरची_नीता

इकडून थोडी भर. तिच्या धाकट्या बहिणीची, एम्प्रेस ऑफ जपानची, नाळेवरची ड्रॅगनची लाकडी मूर्ती इथे जपली आहे. ती बोट १९२६ मध्ये मोडली, मूर्ती कचऱ्यात जायची ती इथल्या वर्तमानपत्रानं वाचवून स्टॅनली पार्कात समुद्राकडे तोंड करून बसवली. पावसानं कुजायला लागल्यावर तिथे फायबरची नक्कल ठेवली आणि मूळची सागरी संग्रहालयात नेली. मी रोज तिथून पळायला जाते. विवेकानंदांची बोट हिचीच थोरली बहीण हे आज कळलं, आता थांबून बघेन.

मुंबईत लॉयल्टीचं असं काही उरलंय का? एखादी घंटा, एखादं सुकाणू?

तिकिटवेडा

नीताताई, घंटेचं राहू द्या, कागदावर आहे. टपाल खात्यानं १९६९ मध्ये, त्या सफरीला ५० वर्षं झाली तेव्हा, ५ एप्रिललाच लॉयल्टीचं २० पैशांचं तिकीट काढलं. त्याआधी १९६५ च्या सागरी दिनाला १५ पैशांचं जलउषाचं काढलं होतं. सागरी दिन पाळायला सुरुवात १९६४ ची, म्हणजे तिकिटं पाठोपाठच आली. दोन्ही महाग नाहीत. फोर्टात फुटपाथवरच्या तिकिटवाल्यांकडे मिळून जातात, फक्त मागची बाजू तपासून घ्या, पावसाळ्यात डिंक धरलेली गळ्यात मारतात.

माझ्याकडे लॉयल्टीची एक जास्तीची आहे. सातारकर, मस्जिद बंदरला याल तेव्हा कळवा, मीही येतो. तिथून बॅलार्ड इस्टेट चालत गाठता येतं, सिंदिया हाउस आणि गोदीकरांचा तो खांब एकाच फेरीत होईल.

गोदीकर

रविवारी या. इतर दिवशी त्या खांबाभोवती टॅक्स्या लागलेल्या असतात, अक्षरं वाचता येत नाहीत.